लहान मुलांपासून दूर ठेवा

टिचकीच्या डाव्या गालावर पुरळ उठलं, तेव्हा घरात कोणीही आरडाओरडा केला नाही, याची नोंद सुरुवातीलाच घेतलेली बरी. पुरळ मोहरीच्या दाण्यांएवढं, तांबूस आणि स्वभावाने शांत होतं. टिचकी स्वतःही शांत होती. ती जन्मली तेव्हा नर्सबाई म्हणाल्या होत्या, "केवढीशी हो ही, टिचकीएवढी!" आणि घरच्यांचं नावावर एकमत होईपर्यंत तेच नाव चालू राहिलं होतं. नावावर अजून एकमत झालेलं नव्हतं.

टिचकीचे वडील एका रंगाच्या कारखान्यात सुरक्षा अधिकारी होते. कारखान्यात त्यांना सगळे 'सावधान साहेब' म्हणत, कारण बोलताना त्यांचं पहिलं वाक्य बहुधा तेच असे. लेबलावर लिहिलेलं प्रत्येक अक्षर हे कोणातरी माणसाच्या बोटाच्या, डोळ्याच्या नाहीतर भुवईच्या मोबदल्यात लिहिलेलं असतं, अशी त्यांची श्रद्धा होती. डब्यावर 'उभा ठेवा' लिहिलेलं असताना तो आडवा ठेवणाऱ्या एका फोरमनला त्यांनी डब्यासमोर उभा ठेवला होता. अशा माणसाला पहिली मुलगी झाली, आणि मुलीवर कुठेच लेबल नव्हतं.

पुरळ दिसताच त्यांनी टिचकीला बालरोगतज्ज्ञांकडे नेलं. डॉक्टरबाईंनी गाल पाहिला, टिचकीने डॉक्टरबाईंना पाहिलं, आणि दोघींचंही समाधान झालं.

"काही करू नका," डॉक्टरबाई म्हणाल्या. "आपोआप जाईल."

"बरं. दिवसातून किती वेळा?"

"काय किती वेळा?"

"काही न करणं."

डॉक्टरबाईंनी चष्म्यावरून त्यांच्याकडे पाहिलं. "सतत," त्या म्हणाल्या आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं.

सावधान साहेब विचारात पडले. योग्य साधनसामग्रीशिवाय 'काही न करणं' त्यांनी आयुष्यात कधी केलेलं नव्हतं. कारखान्यात नुसतं उभं राहायलासुद्धा हेल्मेट लागे. तेव्हा घरी परतताना ते नवजात शिशू-निगा दालनात शिरले, ते केवळ काही न करण्यासाठी काय काय मिळतं ते पाहायला.

दालनातली सल्लागार पांढऱ्या कोटात होती. तिचा कोट डॉक्टरबाईंच्या कोटापेक्षा कितीतरी पांढरा होता. डॉक्टरबाईंच्या कोटावर कोणीतरी दूध ओकलेलं होतं.

"बाळाला यापूर्वी काय वापरत होतात, सर?"

"कोमट पाणी."

सल्लागाराने क्षणभर डोळे मिटले. कोणाच्या घरी वाईट घडल्याचं कळल्यावर मिटावेत तसे. "असू दे," ती हळूच म्हणाली, "वेळ अजून गेलेली नाही." आणि तिने एक बाटली पुढे केली. "यात साबण नाही, सुगंध नाही, रंग नाही, फेस नाही."

"मग आत आहे काय?"

"नसणंच आहे ना, सर! एवढं नसणं दुसऱ्या कुठल्याच बाटलीत नाही."

सावधान साहेबांना हे पटलं. डॉक्टरांनी काही करू नका म्हटलं होतं, बाटलीत काही नव्हतं. दोन्ही गोष्टी एकमेकींना धरून होत्या. मात्र या द्रवाने त्वचेवरचं नैसर्गिक तेल निघून जातं, असं सल्लागाराने प्रामाणिकपणे सांगितलं. म्हणून नैसर्गिक तेल परत देणारं लोशन घ्यावं लागलं. लोशन मानेच्या वळ्यांत साठतं, म्हणून ते पुसायचे ओले रुमाल. रुमालांनी ओल राहते, म्हणून पावडर. पावडर हवेत उडते, म्हणून हवा शुद्ध करणारं यंत्र. त्या यंत्राने हवा कोरडी होते, म्हणून हवेत ओलावा सोडणारं दुसरं यंत्र. आणि या दोन यंत्रांचं आपसात पटत नसल्यामुळे त्यांच्यात मध्यस्थी करणारं तिसरं. कुठेही चूक काढता येणार नाही अशी ही साखळी होती. सावधान साहेबांनी शोधून पाहिली.

"पुरळ जाईल ना?" निघताना त्यांनी विचारलं.

"पुरळ ही तर सुरुवात आहे, सर," सल्लागार आनंदाने म्हणाली.

सामान घरी पोहोचलं तेव्हा टिचकीची आई टिचकीला मांडीवर घेऊन बसली होती. ती मुद्रितशोधक होती. लोकांच्या पुस्तकांतल्या चुका काढणं हा तिचा पेशा. सध्या ती बाळंतपणाच्या रजेवर होती, पण तिचे डोळे रजेवर गेले नव्हते. तिने लोशनची बाटली उचलली.

"'नवजात त्वचेला अधिक नवजात बनवते.' अरे, जन्मलेलीला अजून किती जन्माला घालायचं? मी पुन्हा बाळंत होणार नाही हं त्यासाठी."

"भाषेकडे बघू नकोस. आशय बघ."

"आशयच बघतेय. 'शास्त्रज्ञ मातांनी नाकारलेले.' इथे 'नावाजलेले' असणार. की नसणार?"

घरात तिसरी व्यक्ती म्हणजे सावधान साहेबांची आई. नातवंडांच्या गोष्टींत आजी ही समजूतदार असते आणि नव्या फॅडांना नाक मुरडते, असा एक समज आहे. ही आजी त्या समजात बसत नव्हती. तिने खोकी उघडायला कात्रीसुद्धा शोधली नाही, दातांनीच फोडली.

"आमच्या वेळी यातलं काही नव्हतं," ती म्हणाली.

"तेच म्हणतेय मी, आई," सुनेला आधार वाटला. "आणि तरी मुलं वाढलीच की!"

"वाढली गं, पण कशी?" आजीने सावधान साहेबांकडे बोट केलं. "असा झाला हा! काही नव्हतं म्हणूनच ना?"

सुनेने नवऱ्याला एकदा नीट निरखून पाहिलं.

बघता बघता टिचकीची खोली सजली. तिथे आईच्या पोटातला आवाज काढणारं यंत्र आलं. ज्या पोटातून टिचकी आली होती त्याच्या मालकिणीने तो आवाज ऐकला आणि "हे माझं नाही, हे कोणाचं तरी अपचन आहे," असा शेरा मारला. रडण्याचा अर्थ सांगणारं यंत्रही आलं. टिचकी रडली की त्याच्या पडद्यावर अक्षरं उमटत : 'आपली मागणी नोंदवली आहे. भूक असण्याची शक्यता. कृपया थांबा.' टिचकी थांबत नसे. तिची आई यंत्राकडे न बघताच तिला उचलून पदराखाली घेई, आणि मग कितीतरी वेळाने पडद्यावर 'मागणी अन्य मार्गाने निकाली' असं येई.

सावधान साहेबांचं मात्र खरोखर अवघड झालं. लेकीला उचलण्याची त्यांनी एक पद्धत ठरवली होती. आधी हात धुवायचे. मग हातांवरच्या साबणाचा परिणाम घालवणारा द्रव. मग हातांना लोशन, म्हणजे तिच्या लोशनला परके हात लागणार नाहीत. मग हात वर धरून वाळवत उभं राहायचं. वाळेपर्यंत टिचकी झोपलेली असे, आणि झोपलेल्या बाळाला हलवू नये असं पाळण्याच्या माहितीपत्रकात लिहिलेलं होतं. कामावरून येताना ते रस्ताभर ठरवत, आज घ्यायचंच. आणि रोज ते दारात हात वर करून उभे राहत, पोलिसांना शरण आल्यासारखे, आणि ती झोपून जाई.

"घे रे, काही होत नाही," बायको म्हणे.

"वाळू तरी देत."

एकदा तिने पाहिलं, की ते पाळण्यावर वाकून, हात न लावता, नुसता श्वास रोखून उभे आहेत. ती आल्या पावली मागे फिरली. चुका काढायची सवय असलेल्या माणसाला काही चुका काढवत नाहीत.

पुढचा प्रकार मात्र तिच्यामुळेच घडला. टिचकीला पाजता पाजता हाताशी वाचायला दुसरं काही नव्हतं, म्हणून तिने पावडरचा डबा फिरवून तळाशी पाहिलं आणि ती खो खो हसत सुटली.

"ऐक, ऐक. 'लहान मुलांपासून दूर ठेवा.'"

"दाखव," सावधान साहेब म्हणाले. ते हसले नाहीत.

त्यांनी लोशन पाहिलं. लहान मुलांपासून दूर ठेवा. रुमाल, मलम, बाटलीतलं नसणं : दूर ठेवा. हवेच्या यंत्रांच्या पाठीवर तर ते लाल अक्षरांत होतं. त्यांचा चेहरा उतरला. म्हणजे आपण इतके दिवस धोक्याच्या वस्तूंच्या मधोमध पोटच्या पोरीला झोपवत होतो! आजवर लेबल मोडणाऱ्या कोणाचीही त्यांनी गय केली नव्हती. आता स्वतःची तरी कशी करणार?

"मग टाकून देऊ या सगळं," बायको म्हणाली.

"बाळाच्या वस्तू टाकून द्यायच्या? मग बाळाला काय राहिलं?"

"आपण."

हा मुद्दा तांत्रिकदृष्ट्या विचारात घेण्याजोगा नव्हता. यंत्रं भिंतीत पक्की बसवलेली होती. कारखान्यातला नियम असा, की धोका आणि धोक्यात असलेली वस्तू यांत अंतर ठेवायचं असेल, तर दोहोंपैकी जी हलकी असेल ती हलवावी. टिचकी हलकी होती. त्याच संध्याकाळी तिचा पाळणा स्वयंपाकघर आणि बैठकीची खोली यांच्यामधल्या बोळात आला. बोळात खिडकीतून वारा येई, येणारे-जाणारे दिसत, भांड्यांचे आवाज येत. टिचकीला हे सगळं फार आवडलं. सामान आतल्या खोलीत कुलूपबंद आणि ती बाहेर असल्यामुळे तिला काही लावणं अशक्य झालं, आणि गालावरचं पुरळ हळूहळू मावळून गेलं.

"बघा!" आजी विजयाने म्हणाली. "खोलीचा गुण!"

"पण ती खोलीत नव्हती, आई."

"म्हणूनच तर. खोलीला निवांतपणे काम करता आलं."

आजीने ही बातमी सामान बनवणाऱ्या कंपनीला कळवली. कंपनीला असा अभिप्राय यापूर्वी कोणाकडूनच आलेला नव्हता. तिने आपला गृह-परीक्षक पाठवला. टाय लावलेला, खिशात फूटपट्टी, चेहऱ्यावर कायमचं कौतुक. त्या सकाळी टिचकीची आई बऱ्याच दिवसांनी निवांत केस धुवायला न्हाणीघरात शिरली होती. बंब तापवल्यासारखं गरम पाणी भरपूर घेऊन, नळ मोठा सोडून, ती बाहेरच्या जगाला विसरली होती. परीक्षकाचं स्वागत आजीने केलं आणि ती त्याला थेट बालकक्षात घेऊन गेली. सावधान साहेब दारात उभे राहिले.

परीक्षकाने चादरीवरून बोट फिरवलं. सुरकुती नाही. भिंतीला नाक लावून हुंगलं. वास नाही. त्याचा आवाज भरून आला.

"काय सांगू, साहेब! इतकी निर्मळ खोली मी पाहिली नाही. दुसऱ्या घरांत अगदी बघवत नाही. बाळं असतात हो तिथे!"

"आमच्याकडेही आहे," सावधान साहेब म्हणाले. "बोळात."

"उत्तम! हाच विचार आम्ही पालकांच्या गळी उतरवू पाहतोय. यंदाचा 'आदर्श बालकक्ष' सन्मान तुम्हालाच. फक्त एक फोटो हवा, पाळण्यात बाळ ठेवून. अगदी क्षणभर."

"ते शक्य नाही. लेबल काय म्हणतं ते पाहा."

"साहेब, लेबल हे वापरासाठी असतं. हा तर फोटो आहे."

दोघांचा सैद्धांतिक वाद सुरू झाला. परीक्षक, आजी आणि अधिकारी अशी तीन माणसांची ऊब जाणवल्यावर मध्यस्थी करणारं यंत्र गांगरलं आणि त्याने शुद्धीकरण सुरू केलं. दार आपोआप सरकलं. सावधान साहेब सवयीने एक पाऊल मागे झाले, दार लागलं, आणि आजी व परीक्षक आत राहिले.

"घाबरू नका," आतून परीक्षकाचा आनंदी आवाज आला. "हवा शुद्ध झाली की उघडेल! आम्ही दूषित आहोत, म्हणून जरा वेळ लागेल!"

नेमकी तेव्हाच टिचकी जागी झाली. तिने डोळे उघडले, छपराकडे पाहिलं, आणि कपडे भरवले. हे काम तिने मोठ्या मनाने केलं. काही हातचं राखलं नाही. मग ती रडायला लागली.

"अगं, ऐकलंस का?" सावधान साहेबांनी न्हाणीघराचं दार वाजवलं. आतून नळाचा आवाज आणि गुणगुणणं ऐकू आलं. ते बालकक्षाकडे धावले. "आई! रुमाल! लंगोट! सगळं आत आहे!"

"हात धुतलेस का?" आजी आतून ओरडली.

"धुतले!"

"मग तो द्रव लाव!"

"द्रव आत आहे!"

"मग हात लावू नकोस तिला!"

टिचकीचं रडणं चढत गेलं. चेहरा लाल झाला, हनुवटी थरथरू लागली, मुठी हवेत कोणाला तरी शोधू लागल्या. पडद्यावर अर्थ सांगणारं यंत्रही आतच होतं, त्यामुळे ती काय म्हणते आहे हे सावधान साहेबांना स्वतःलाच समजून घ्यावं लागलं. ते त्यांना लगेच समजलं. इतकं लगेच, की त्यांचं त्यांनाच नवल वाटलं.

त्यांनी तिला उचललं. स्वयंपाकघरात नेलं, कोमट पाण्याने धुतलं, हाताने निथळलं. पुसायला काही नव्हतं. गुंडाळायला काही नव्हतं. त्यांनी एका हाताने अंगातल्या शर्टाची बटणं काढली. एक तुटून भांड्याखाली गेलं. त्या शर्टात त्यांनी लेकीला गुंडाळलं आणि बनियनवर तिला खांद्याशी धरलं.

टिचकी आणखी दोनदा हुंदकली. मग तिने शर्टाची कॉलर तोंडात धरली, एक मोठा ढेकर दिला आणि मान त्यांच्या गळ्याशी टेकवली. तिचा कान थंड होता आणि तो जबड्याखालच्या खळग्यात बरोबर बसला. तिच्या मानेवर इवलीशी लव होती. ती त्यांनी आजवर पाहिलेलीच नव्हती. सावधान साहेब हलले नाहीत. त्यांना वाटलं आपण पडू, तर ते भिंतीला टेकले. मग वाटलं आपण रडू, तर त्याला टेकायला काही नव्हतं, म्हणून ते थोडे रडले.

टिचकीची आई केसांना पंचा गुंडाळून बाहेर आली, तेव्हा बनियनवर उभा असलेला नवरा, झोपलेली लेक आणि ओट्यावरचा पसारा तिने एका नजरेत वाचला. दुरुस्त करण्यासारखं तिला काही आढळलं नाही. "दमलास का? घेऊ का?" तिने विचारलं.

"नको," ते कुजबुजले. "राहू दे अजून."

त्याच वेळी दार उघडलं आणि शुद्ध झालेला परीक्षक आजीसह बाहेर आला. त्याने शांत झोपलेलं बाळ पाहिलं, गुळगुळीत गाल पाहिला, आणि खिशातली फूटपट्टी काढली.

"हे काय गुंडाळलंय? कोणत्या कंपनीचं?"

"माझा शर्ट आहे."

"किती जुना? कॉलर विरलेली आहे, ती मुद्दाम का? आणि हा वास?"

"कारखान्याचा असेल. घामाचा असेल."

"घाम," परीक्षक भक्तिभावाने उद्गारला, आणि फोटो त्याने शर्टाचाच काढला.

थोड्याच काळात कंपनीने 'बाबास्पर्श' बाजारात आणलं. अनुभवी बापांनी अंगावर वापरून विरवलेला शर्ट, हवाबंद पिशवीत. जाहिरातीत एक गंभीर आवाज विचारी : 'तुमच्या घरातल्या बापाची खात्री कोण देणार?' मागणी इतकी वाढली, की शर्ट विरवायला कंपनीने बापांचे दोन पाळ्यांत चालणारे कारखाने उघडले. ते बाप दिवसभर शर्ट घालून येरझारा घालत, ओव्हरटाइम करत, आणि घरी पोहोचेपर्यंत त्यांची मुलं झोपलेली असत. म्हणून कंपनी त्यांना एकेक शर्ट सवलतीत देई. सावधान साहेबांना मुख्य परिधान अधिकाऱ्याची जागा देऊ केली होती. "शर्ट तिथे आणि लेक इथे, असं जमायचं नाही," असं म्हणून त्यांनी ती नाकारली. आजीने मात्र एक प्रमाणित शर्ट मागवलाच. टिचकी त्यावर ओकली. आजीच्या मते, याचा अर्थ तो अस्सल होता.

हल्ली सावधान साहेब कामावरून येतात ते थेट हात धुतात, पुसतात आणि लेकीला घेतात. भेटायला येणाऱ्यांना ते सगळी हकीकत सविस्तर सांगतात. लोक मनापासून हसतात. सल्लागाराला, आजीला, परीक्षकाला आणि त्या येरझारा घालणाऱ्या बापांना. मग हसणं ओसरतं, आवाज खाली येतो, आणि निरोप घेता घेता दारात जो तो एकच गोष्ट विचारतो : शर्ट निव्वळ सुती होता की मिश्र?

सुती होता. अर्ध्या बाह्यांचा, फिकट निळा. हे तुम्ही विचारायच्या आत सांगून टाकलेलं बरं, कारण तुमचंही लक्ष आता तिकडेच लागलेलं दिसतंय. त्या शर्टात लेकीला ज्याने धरलं होतं त्या माणसाबद्दल मात्र आजवर कोणी काही विचारलेलं नाही.